एसपीआय नॅंडची चिप बदलली, ड्रायव्हरमध्ये ओळ टाकली, आता यूबीआय दिवसरात्र ब्लॉक हलवतंय

संत्राबाग_कंट्रोलर

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे. पण अर्धवट लिहिलं की "लॉग टाका, डेटाशीट टाका" यातच दोन पानं जातात, म्हणून सगळं एकदमच सांगतो.

मी वरूड तालुक्यातला. मूळ धंदा मोटार रिवाइंडिंग आणि स्टार्टर दुरुस्तीचा. त्यातूनच ठिबकचे व्हॉल्व्ह चालवणारा आणि जमिनीतली ओल नोंदवणारा डबा बनवायला लागलो, आता आमच्या पट्ट्यातल्या बऱ्याच संत्राबागांत तो बसलाय. आत ६४ एमबी रॅमचा एआरएम प्रोसेसर. बूटलोडर आणि लिनक्स कर्नल १६ एमबीच्या एसपीआय नॉर फ्लॅश चिपवर, बाकी रूट फाइलसिस्टिम आणि ओलीचा लॉग १२८ एमबीच्या एसपीआय नॅंड फ्लॅश चिपवर. नॅंडवर यूबीआय (खराब आणि झिजलेले ब्लॉक सांभाळणारा कर्नलचा थर), त्यावर यूबीएफएस ही फाइलसिस्टिम. शेतकऱ्याला लॉग हवाच असतो. अंबिया बहाराचा ताण कधी तोडायचा, पाणी किती गेलं, मे महिन्यात फळगळ झाली ती कोणत्या आठवड्यात जमीन सुकली म्हणून, हे सगळं तो त्यातच पाहतो. लॉग गेला म्हणजे माझी अब्रू गेली.

आधीच्या लॉटमध्ये विनबॉन्डची डब्ल्यू२५एन०१जीव्ही होती. आमचा कर्नल ५.४, तो तिला आपणहून ओळखायचा, कधी डोकं लावावं लागलं नाही. या खेपेला बोर्ड भरून देणाऱ्याने न विचारता गीगाडिव्हाइसची जीडी५एफ१जीक्यू५यूई बसवली. फोन केला तर म्हणतो, "सेम टू सेम आहे भाऊ, पायसुद्धा जुळतात." पाय जुळतात, खोटं नाही. कर्नलशी मात्र जुळलं नाही. बूट होताना "अननोन रॉ आयडी" आणि पुढे ००, सी८, ५१.

सी८ म्हणजे गीगाडिव्हाइस आणि ५१ म्हणजे ही चिप, एवढं डेटाशीटमध्ये लगेच सापडलं. ५.४ च्या ड्रायव्हर्स/एमटीडी/नॅंड/एसपीआय या फोल्डरमध्ये गीगाडिव्हाइसची फाइल आहे, पण तिच्यात जीक्यू४ पिढीपर्यंतच्याच ओळी (एकेका चिपच्या नोंदी). मग जीक्यू४यूईची ओळ उतरवून घेतली, आयडी ५१ केला आणि डेटाशीट मांडीवर घेऊन एकेक आकडा ताडून पाहिला. पान २०४८ बाइटचं, ओओबी (पानामागची जादा जागा) १२८, ब्लॉकात ६४ पानं, ब्लॉक १०२४, खराब निघू शकणारे जास्तीत जास्त २०. हे सगळं तसंच. फरक फक्त ईसीसीत, म्हणजे उलटलेले बिट दुरुस्त करणाऱ्या सोयीत. जीक्यू४ला ५१२ बाइटमागे ८ बिट दुरुस्त होतात, जीक्यू५ला ४. म्हणून ८ चे ४ केले. ईसीसीचं स्टेटस वाचणारं फंक्शन जीक्यू४यूईचंच राहिलं, कारण ते चिपमधलं एफ० हे स्टेटस रजिस्टर वाचतं आणि एफ० दोन्ही चिपांत आहे.

दुकानात टेबलावर सगळं झकास चाललं. बागेत लावल्यावर मे लागला, आणि लॉगमध्ये नुसता पाऊस सुरू झाला: "फिक्सेबल बिट-फ्लिप डिटेक्टेड", त्याच्या मागोमाग "स्क्रब्ड पीईबी अमुक, डेटा मूव्ह्ड टू पीईबी तमुक". म्हणजे बिट उलटलेला दिसला, डेटा दुसऱ्या ब्लॉकात हलवला. थांबायचं नावच नाही. यूबीइन्फो (यूबीआयची माहिती दाखवणारी आज्ञा) पाहिलं तर इरेज काउंटरचा, म्हणजे ब्लॉक किती वेळा पुसला त्याचा, कमाल आकडा नव्या डब्यांत जुन्यांच्या कितीतरी पुढे. जुने डबे तीन हंगाम खाऊन बसलेत, हे अजून हळदीचे. एक काका तर म्हणाले, "भाऊ, तुयं डबडं उनात तापून राह्यलं, त्याले गमछा बांध."

आता खरा गोंधळ ऐका. एका डब्यात चुकून ८ वालीच (ईसीसीचा आकडा न बदललेली) इमेज गेली होती. त्यात हे स्क्रबिंग जवळजवळ नाही! म्हणजे खोटा आकडा टाकला की शांतता, आणि खरा टाकला की बोंब.

चिपचा लॉटच कमअस्सल आहे काय? ८ च ठेवून गप्प बसू काय? आणि नवीन चिपची ओळ लिहिताना नेमकं काय काय तपासायचं असतं, हे कोणी नीट सांगेल काय?

ईएमएमसीच_लावा

एवढी कटकट कशाला? ईएमएमसी लावा. खराब ब्लॉक, ईसीसी, वेअर लेव्हलिंग सगळं आतला कंट्रोलर पाहतो. कर्नलमध्ये एमएमसीचा ड्रायव्हर आहेच, चिपगणिक ओळ लिहायची भानगडच नाही. २०२६ मध्ये कच्चा नॅंड कोण वापरतं?

संत्राबाग_कंट्रोलर

दादा, ईएमएमसी बीजीए पॅकेजमध्ये येते, सगळे जोड चिपच्या पोटाखाली. एसपीआय नॅंडला आठ पाय, माझा पोऱ्या हॉट एअरने ती दहा मिनिटांत काढून दुसरी बसवतो. बीजीएसाठी बोर्ड नागपूरला नाहीतर अमरावतीला पाठवायचा, तोवर बागेला पाणी कोण देणार? शिवाय बोर्डाचं डिझाइन बदलावं लागेल ते वेगळंच. तुमचा मुद्दा पुढच्या बोर्डासाठी ध्यानात ठेवतो, पण आज बागांत लटकलेल्या डब्यांचं काय ते सांगा.

पुसलेला_ब्लॉक

संत्राबागभाऊ, मी मूळचा आर्वीचा, पोटासाठी पुण्यात. चिप तुमची ठणठणीत आहे, लॉटला दोष देऊ नका. ऊनही मुख्य गुन्हेगार नाही. गोंधळ त्या राहिलेल्या फंक्शनमध्ये आहे.

आधी यूबीआय ब्लॉक का हलवतं ते पाहू. पान वाचलं की ड्रायव्हर एमटीडीला (कर्नलमधला फ्लॅशचा थर) सांगतो, जास्तीत जास्त अमुक बिट दुरुस्त केले. एमटीडीकडे एक मर्यादा असते, बिटफ्लिप थ्रेशोल्ड. तुमच्या ५.४ मध्ये एसपीआय नॅंडसाठी आपण काही न सांगितलं तर ती ईसीसीच्या ताकदीइतकीच. ताकद ४ असेल तर ४, आणि ८ असेल तर ८. दुरुस्त बिट मर्यादेला पोचले की वाचणाऱ्याला "ईयूक्लीन" मिळतं. म्हणजे डेटा बरोबर आहे, पण जागा आता भरवशाची नाही. यूबीआय ते ऐकतं, ब्लॉक दुसरीकडे उतरवतं आणि जुना पुसतं. हे व्हायलाच पाहिजे. प्रश्न एवढाच की ड्रायव्हर आकडा खरा सांगतोय का.

आता फंक्शन उघडून पाहा. सी० रजिस्टरच्या ५ आणि ४ या बिटांत ईसीसीचा ढोबळ निकाल असतो: ०० म्हणजे चूक नाही, ०१ म्हणजे होती पण दुरुस्त केली, १० म्हणजे दुरुस्त होणार नाही. इथवर दोन्ही पिढ्या सारख्या. ०१ आलं की बारकावा एफ० मध्ये, तिथेही बिट ५ आणि ४. फरक पडतो तो या दोन बिटांच्या अर्थात. जीक्यू४यूईचं फंक्शन सी० चे दोन आणि एफ० चे दोन असे चार बिट जोडून एक आकडा बनवतं, आणि तो ४ ते ७ येतो. त्या चिपसाठी हे बरोबर, तिची दुरुस्ती आठपर्यंत जाते आणि ती मोजणी चारच्या पायरीपासूनच सांगते. जीक्यू५मध्ये एफ० मधले तेच दोन बिट ०० म्हणजे एक बिट, ०१ म्हणजे दोन, १० म्हणजे तीन, ११ म्हणजे चार. तिथे सरळ एफ० चा आकडा अधिक एक, झालं.

तुमच्याकडे चिप जीक्यू५ आणि फंक्शन जीक्यू४चं. एकच बिट उलटला तर ड्रायव्हर सांगतो ४. दोन उलटले तर ५. जिनिंगच्या काट्यावर कोणी तीन किलोचं माप आधीच ठेवून दिलंय आणि वर कापूस तोलतोय, तसं. तुमची मर्यादा ४, आणि सगळ्यात लहान आकडाच ४. म्हणजे अख्ख्या पानात एक बिट हलला तरी यूबीआयच्या लेखी ब्लॉक बाद. नॅंडमध्ये एखादा बिट हलणं रोजचंच असतं, त्यासाठीच तर ईसीसी असते.

८ वाल्या डब्यातली शांतताही यातूनच येते. तिथे मर्यादा ८. एका बिटाला ४ सांगितलं तरी आठच्या आत. खरे चार बिट उलटले तरी ७ च येतो आणि ब्लॉक हलतच नाही. बरोबर ओळीत ताकद ४, मर्यादा ४, म्हणजे खरे चार बिट झाल्यावर हलायलाच हवा. म्हणजे ती शांतता खोटी, पाचव्या बिटाला डेटा गेला! म्हणून ते ठेवू नका. शिवाय कोणी उद्या सिसएफएसमधली (कर्नलचे आकडे फाइलींच्या रूपात दाखवणारी जागा) ताकद वाचून काही ठरवलं, की फसेल.

माझ्या शब्दावर जाऊ नका, मोजून पाहा. एमटीडी-युटिल्समध्ये नॅंडबिटएर्स नावाचं चाचणीचं साधन आहे. ते एका पानात मजकूर लिहितं, मग ईसीसी बंद ठेवून मुद्दाम एकेक बिट उलटवत जातं आणि दर खेपेला ड्रायव्हर किती दुरुस्त्या सांगतो ते छापतं. यूबीआय नसलेल्या मोकळ्या पार्टिशनवरच चालवा, त्या ब्लॉकातलं सगळं जातं.

आणखी एक. ही चिप पुढच्या कर्नलांत रीतसर आलेली आहे, नव्याने ओळ रचत बसू नका. फक्त तिथली ओळ उचलून ५.४ मध्ये चिकटवली तर कंपाइल होणार नाही. मधल्या काळात आयडी वाचायची पद्धत बदलली. आता प्रत्येक ओळीतच आयडी कसा वाचायचा ते लिहितात: ऑपकोडनंतर (आज्ञेच्या बाइटनंतर) डमी म्हणजे रिकामा बाइट, की पत्ता, की काहीच नाही. ५.४ मध्ये हे काम प्रत्येक कंपनीचं वेगळं डिटेक्ट फंक्शन करतं. म्हणून तुमचा आयडी आधीच्या ०० सकट दिसला. त्यामुळे आयडीचा भाग जुन्या रीतीने ठेवा, आणि स्टेटसचं फंक्शन तेवढं नव्यातून आणा.

संत्राबाग_कंट्रोलर

पुसलेला_ब्लॉकभाऊ, जिंकलंत!

दुकानातल्या बोर्डावर मोकळं पार्टिशन होतं, त्यावर नॅंडबिटएर्स चालवलं. एक बिट उलटवला, ड्रायव्हर म्हणाला ४. दुसऱ्याला ५, मग ६, मग ७, आणि पाचवा उलटवल्यावर वाचताच आलं नाही. चार दुरुस्त करणारी चिप सात दुरुस्त केले म्हणून सांगते! हे पाहून माझा पोऱ्यासुद्धा हसला, आणि तो एरवी मोबाइलमधून मान काढत नाही.

मग फंक्शन बदललं. एफ० वाच, दोन बिट काढ, एक मिळव. पुन्हा तीच चाचणी: १, २, ३, ४, आणि पाचव्याला फेल. असंच पाहिजे होतं.

पण अडचण आता वेगळी. डबे बागांत आहेत. काही बागा मोर्शीकडे, काही थेट सातपुड्याच्या पायथ्याला. कर्नल नॉरवर आहे आणि तो दुरून बदलायची हिंमत नाही. मधेच वीज गेली तर डबा कायमचा झोपेल. शेतीच्या फिडरला तीन फेज आठ तास, कधी दिवसपाळी कधी रातपाळी, आणि आमच्या बॅटऱ्यांचा भरवसा म्हणजे राम जाने. प्रत्येक बागेत जाऊन यायला वेळ लागेल. तोवर हे ब्लॉक झिजतच राहणार काय?

दारव्ह्याची_ताई

भाऊ, कर्नल न बदलताही आजच झीज थांबवता येते. बिटफ्लिप थ्रेशोल्ड सिसएफएसमध्ये लिहिता येतो. सिस/क्लास/एमटीडीखाली तुमचं पार्टिशन पाहा, त्यात बिटफ्लिप_थ्रेशोल्ड नावाची फाइल आहे. आत्ता तिच्यात ४ असेल, तिथे ६ लिहा. यूबीआय ज्या पार्टिशनवर बसलंय त्याच्याच फाइलमध्ये लिहायचं, नाहीतर उपयोग नाही. तुमचं जुनं फंक्शन खऱ्या तीन बिटांना ६ म्हणतं, म्हणजे ब्लॉक हवा तेव्हाच हलेल. रीबूट झालं की तो आकडा जातो, म्हणून सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ टाका. स्क्रिप्ट रूट फाइलसिस्टिमवर आहे, ती दुरून बदलता येईल ना? मात्र नवा कर्नल टाकाल त्या दिवशी ती ओळ आठवणीने काढा. नव्या फंक्शनसोबत ६ राहिला तर उलटं होईल: चार बिट जाईपर्यंत कोणी हलणार नाही आणि पाचव्याला डेटा गेला.

आता दुसरं. मी यवतमाळ जिल्ह्यात सोयाबीनच्या गोदामांसाठी ओल मोजायची यंत्रं करते, तुमच्यासारखीच उष्णता आणि तुमच्यासारखीच वीज. पुसलेला_ब्लॉक म्हणतात ऊन मुख्य गुन्हेगार नाही, ते या प्रश्नापुरतं मान्य. पण नॅंडच्या पेशीत साठवलेला चार्ज उष्णतेने लवकर गळतो. बाहेर ४५ अंश असताना उन्हातल्या पत्र्याच्या डब्यात त्याहून बरंच जास्त भरतं. चिप ८५ अंशांपर्यंतची असली तरी त्याचा अर्थ ती तिथे चालते एवढाच. डेटा तितकेच दिवस टिकेल असा नाही. टेबलावर दिसलं नाही ते मेमध्ये दिसलं, ते यामुळेच. काकांचा गमछा अगदीच टाकाऊ सल्ला नाही, डबा झाडाच्या उत्तर बाजूला सावलीत लावा.

बिट उलटले म्हणून यूबीआय ब्लॉक हलवतं ते वाचताना चूक दिसली तरच. रूट फाइलसिस्टिममधल्या कित्येक फाइली महिनोन्‌महिने कोणी वाचत नाही. तिथे एक बिट, दोन बिट, करत पाच कधी होतात ते कळतच नाही. मी महिन्यातून एकदा रात्री सगळे यूबीआय व्हॉल्यूम सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून शून्यात टाकते. वाचणं हाच उपचार. पण हे तुमच्या डब्यात मर्यादा दुरुस्त केल्यानंतरच करा, आज केलंत तर सगळे ब्लॉक एका रात्रीत जागचे हलतील.

वीज जाण्याबद्दल यूबीएफएसला मी घाबरत नाही, मधेच वीज गेली तरी ते सावरतं. मी घाबरते अर्धवट व्होल्टेजला. तुमच्या डब्यात जीएसएम मॉड्यूल असणारच. ते पाठवताना दोन अँपिअरपर्यंत झटका ओढतं, बॅटरी म्हातारी असली की ३.३ व्होल्टची लाइन खाली बसते, आणि नेमकं तेव्हा नॅंडमध्ये पान लिहिणं चालू असलं तर ते पान धड लिहिलेलंही नाही आणि कोरंही नाही. व्होल्टेज पडताच प्रोसेसरला रीसेटमध्ये धरणारी सुपरवायझर चिप लावा, काही रुपयांची असते.

पुसलेला_ब्लॉक

ताई, सिसएफएसची युक्ती झकास, माझ्या डोक्यात आली नव्हती.

ओळीत काय तपासायचं हा भाऊंचा तिसरा प्रश्न राहिलाच. पानाचे आणि ब्लॉकचे आकडे सगळेच तपासतात आणि ते चुकले तर लगेच कळतं, त्यामुळे त्यांची मला काळजी नसते. न बोलता चुकतं ते असं. ओओबीची मांडणी: तुमच्या चिपमध्ये १२८ पैकी मागचे ६४ बाइट ईसीसीचे आणि अगदी पहिला बाइट कारखान्याच्या खराब खुणेचा, त्यावर काही लिहिलं जायला नको. क्वाड बिट (चार तारांनी डेटा नेण्याचा): गीगाडिव्हाइसच्या ओळीत तो झेंडा लागतो, डब्ल्यू२५एन०१जीव्हीच्या ओळीत नाही, म्हणून तुम्ही विनबॉन्डऐवजी गीगाडिव्हाइसचीच ओळ उतरवली ते बरं झालं. कॅशमधून वाचायच्या आज्ञांचे डमी बाइट, हे पिढीगणिक बदलतात. आणि ईसीसी स्टेटस, ज्याने हा सगळा तमाशा केला. कंपनी तीच, रजिस्टर तेच, पत्ता तोच, आणि अर्थ वेगळा, हे या धंद्यात नेहमीचं आहे.

कारखान्यातून आलेली नवी चिप पहिल्यांदा पुसताना यूबीफॉर्मॅटच वापरा. ते खराब खुणा पाहून ते ब्लॉक सोडून देतं आणि आधीचे इरेज काउंटर जपतं. पोऱ्याला सांगून ठेवा, कुठल्या तरी प्रोग्रामरने सरसकट पुसून टाकलं तर कारखान्याच्या खुणाही जातात, आणि त्या परत मिळत नाहीत.

संत्राबाग_कंट्रोलर

ताई, स्क्रिप्टची ओळ काल रात्री सगळ्या डब्यांना पाठवली. ज्यांना रेंज होती त्यांनी घेतली, दोन डबे नाल्याच्या पलीकडे आहेत, त्यांना गाडीवर जाऊन देईन. घेतलेल्यांचे लॉग आज पाहिले. "फिक्सेबल बिट-फ्लिप" जवळजवळ बंद, इरेज काउंटर जागेवर. उन्हाळा तोच, चिप तीच.

ओळ काढायची आठवण राहणार नाही, म्हणून स्क्रिप्टच आधी सिसएफएसमधली मर्यादा वाचते आणि कर्नलची आवृत्ती जुनी असेल तरच ६ लिहिते. नव्या कर्नलच्या नावापुढे मी शेपूट जोडलंय, ते दिसलं की ती हात लावत नाही. जुन्या विनबॉन्डच्या डब्यांतही हीच स्क्रिप्ट गेली आहे. तिथे ईसीसीची ताकद १ आहे आणि मर्यादाही १, म्हणून चिपचा आयडी पाहून त्यांना वगळलंय. तिथे ६ लिहिला असता तर सूचनाच बंद झाली असती.

कर्नल एकच राहील, दोन्ही लॉटसाठी. डिव्हाइस ट्रीत (बोर्डावर काय बसलंय ते कर्नलला सांगणारी फाइल) दोघींनाही नुसतं "एसपीआय-नॅंड" असंच लिहिलेलं आहे, कोणती चिप आहे ते कर्नल आयडी वाचून ठरवतो. बोर्डवाल्याला मात्र लेखी दिलंय की चिपचा नंबर बदलायचा असेल तर आधी मला नमुना आणि डेटाशीट, मग बोर्ड.

सुपरवायझर चिप पुढच्या लॉटमध्ये टाकतो. ताई, तुम्ही ती ३.३ च्या लाइनवर किती व्होल्टला तुटणारी घेता, २.९३ की ३.०८?

दारव्ह्याची_ताई

२.९३. माझी ३.३ ची लाइन जीएसएम चालू असताना सुदृढ बॅटरीवरही थोडी डुलते, ३.०८ घेतली तर विनाकारण रीसेट होतात. तुमच्या चिपला किमान किती लागतं ते डेटाशीटमध्ये पाहून घ्या, २.७ असेल तर २.९३ ला पुरेशी जागा राहते. आणि रीसेटची तार नॅंडच्या राइट प्रोटेक्ट पायालाही न्या, एक रेझिस्टर जास्त लागतो एवढंच.

पुसलेला_ब्लॉक

राइट प्रोटेक्टला नेताना क्वाड मोड बंद आहे याची खात्री करा. क्वाड चालू असेल तर तोच पाय डेटाची तार होतो.

संत्राबाग_कंट्रोलर

आमच्या प्रोसेसरच्या एसपीआयला चार तारा नाहीतच, त्यामुळे तो प्रश्न नाही. करतो.